पोटरीची हजेरी

तात्यासाहेब शिंगटे यांचे पाय करंजवडे तालुक्यात त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त लोकांच्या ओळखीचे होते. चेहरा बघायचा तर मान वर करावी लागते, आणि साहेबांसमोर मान वर ठेवायचा रिवाज तिथं नव्हता. नेमणूक झाली की पाया पडायचं, बढती झाली की पडायचं, आणि दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर होईल या आशेनं पडायचं. ज्ञानज्योत शिक्षण प्रसारक मंडळाच्या बालवाडीपासून मेडिकल कॉलेजपर्यंतचा सगळा कारभार या दोन पायांपाशी होत असे. पायांना स्वतःला मात्र फारसं काम नव्हतं. दिवाणखान्यातून पोर्चमध्ये, पोर्चमधून गाडीत आणि गाडीतून व्यासपीठावर, एवढाच त्यांचा प्रवास. गाड्या बिनचालकाच्या झाल्या त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती, तरी साहेबांनी ड्रायव्हर काढला नव्हता. तो पुढच्या सीटवर नुसता बसून असे. साहेबांचं म्हणणं, गाडी आपली आपण चालते हे ठीक आहे, पण दार उघडून वाकणार कोण?

त्यामुळे साहेबांच्या डाव्या पायाचा अंगठा गार पडलाय, हे जगात पहिल्यांदा कळलं ते प्रभारी प्राचार्य मुकुंद लोहोकरे यांना. सर रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी बंगल्यावर जाऊन वाकत. त्या दिवशी त्यांच्या बोटांना फ्रिजमधल्या भेंडीला हात लावल्यासारखं वाटलं. त्यांनी हात मागे घेतला, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आज प्रकृती फारच प्रसन्न दिसतेय."

पुढे अंगठा निळसर झाला, मग त्याच्या कडेला एक न भरणारी जखम झाली. लोहोकरे सर त्यानंतर उजव्या पायाला हात लावू लागले. बोलले काही नाहीत.

त्यांच्या न बोलण्याला कारण होतं. कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत भिंतीवर एक शिसवी फळा होता, त्यावर आजवरच्या प्राचार्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवलेली होती. फळ्यावर नाव लागायचं ते फक्त कायम झालेल्यांचं. प्रभारी माणूस कितीही वर्षं खुर्चीत बसला तरी फळ्याच्या दृष्टीनं त्या काळात कॉलेज बंदच असे. लोहोकरे सर प्रभारी झाले तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता ते पांढरे झाले होते आणि निवृत्ती पुढच्या उन्हाळ्यावर आली होती. "पुढच्या मीटिंगला तुमचं करून टाकू," असं साहेब प्रत्येक मीटिंगनंतर म्हणत. अशा वेळी साहेबांच्या अंगठ्यात खोट काढणारा माणूस मूर्खच म्हटला पाहिजे, आणि लोहोकरे सर पीएच. डी. होते.

शेवटी कार्यकारिणीच्या सभेत, मंडळाच्या भावी वाटचालीवर बोलता बोलता साहेब जोरात ओरडले. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे भाषण नाही.

पुण्याच्या डॉक्टर नसरीन मुजावर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञ होत्या. मूळच्या मिरजेच्या, आवाज मऊ आणि बोलणं सरळ. साहेबांचा पाय त्यांनी हातात घेतला तो तपासण्यासाठी, हे साहेबांच्या जरा उशिरा लक्षात आलं. तोवर त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला होता.

"पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "फुगा घालून उघडाव्यात किंवा बायपास करावा, तर खाली जोडायला जागाच उरलेली नाही. साखर, सिगारेट आणि बैठक, तिघांनी मिळून केलंय हे. दोन रस्ते आहेत. एक, पाय काढणं."

"दुसरा बोला," साहेब म्हणाले.

"दुसरा म्हणजे अंकुरिन."

डॉक्टरांनी ते नीट समजावून सांगितलं. स्नायूला रक्त कमी पडलं की तो गप्प बसत नाही. प्राणवायूची उपासमार झालेल्या पेशी रासायनिक हाका मारतात आणि त्या ऐकून जवळच्या रक्तवाहिन्यांना बारीक फुटवे फुटतात. ही सोय प्रत्येकाच्या शरीरात आहे, पण म्हातारपणी आणि मधुमेहात या हाका क्षीण होतात. पूर्वीची औषधं बाहेरूनच फुटवे फोडायला जात, ते भलतीकडे फुटत आणि वाळून जात. अंकुरिन स्वतः काही फोडत नाही. ते फक्त भुकेल्या पेशीची हाक मोठी करतं आणि फुटलेला अंकुर जगवतं.

"म्हणून हाक पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्याचा आवाज आता बसलाय. पोटरीनं ओरडलं पाहिजे. तिच्याकडे नव्या वाहिन्या आल्या, की तिथून खाली अंगठ्याला पाझर जाईल. त्यासाठी रोज चालायचं. पोटरी दुखेस्तोवर चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. जखमेवर भार येणार नाही असा बूट मी देते."

"चालायचं म्हंजे," साहेबांनी खात्री करून घेतली, "स्वतः?"

"स्वतः."

मग डॉक्टरांनी एक पट्टा दाखवला. तो पोटरीवर बांधायचा. त्यातला उजेड कातडीतून आत जाऊन रक्ताचा रंग वाचतो आणि पोटरी किती उपाशी आहे ते ओळखतो. ते तो बिनतारी पुण्याला आणि पोटावर चिकटवलेल्या लहानशा पंपाला कळवतो; जेवढी भूक, तेवढं औषध पंपातून अंगात जातं. पहिला आठवडा पट्टा माणसाची पोटरी शिकून घेतो आणि मग दुसऱ्या कुणाची मानत नाही.

"आणि हे नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची सुरुवात आहे. तिथल्या पेशीही थोड्या उपाशी आहेत. पाय जोरात ओरडत असेल तर औषध पायाकडे जाईल. पाय गप्प आणि औषध अंगात, असं झालं तर ते डोळ्याची हाक ऐकेल. डोळ्यात नव्या वाहिन्या फुटणं म्हणजे घरात वडाचं झाड उगवणं. भिंत फोडतं ते. म्हणून दर महिन्याला डोळे तपासून घ्या आणि काही अंधुक वाटलं तर त्याच दिवशी मला फोन करा."

लोहोकरे सर मागे उभे राहून हे ऐकत होते. समोर कुणी शिकवत असलं की मान डोलावायची त्यांची सवय होती, त्यामुळे त्यांनी डोलावली. पण ऐकलं सगळं.

परत येताना कात्रजचा बोगदा ओलांडायच्या आत साहेबांनी पट्टा काढून सीटवर टाकला. टोचत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब चालले. बंगल्याच्या फाटकापासून गुलमोहरापर्यंत. बरोबर मुख्याध्यापक, रजिस्ट्रार, दोन विभागप्रमुख आणि छत्री धरलेला शिपाई. गुलमोहरापाशी पोटरीत कळ आली. साहेबांना आयुष्यात कुणी असं मध्येच अडवलं नव्हतं. ते थांबले, पायाकडे रागानं बघितलं आणि म्हणाले, "ह्याला काय अर्थ आहे?"

"अजिबात नाही," एक विभागप्रमुख म्हणाले.

संध्याकाळी दिवाणखान्यात फक्त लोहोकरे सर होते. साहेबांनी पाय स्टुलावर ठेवला होता आणि पट्टा हातात घेऊन ते उलटसुलट बघत होते, एखाद्या कमिटीच्या अध्यक्षाकडे बघावं तसं.

"सर, मला एक सांगा. ह्या मशिनला काय पाहिजे?"

"उपाशी पोटरी, साहेब."

"तसं नव्हं. मुळात काय पाहिजे? हजेरी पाहिजे. कुणीतरी चाललं, एवढं त्याला दिसलं म्हंजे झालं. बरोबर?"

लोहोकरे सरांना तो हिशोब नवा नव्हता. ज्ञानज्योत मंडळाचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा होता. तपासणीची कमिटी यायची त्या दिवशी मेडिकल कॉलेजच्या रिकाम्या वॉर्डात आसपासच्या वाड्यांवरची धडधाकट माणसं आणून झोपवत. त्यांना जेवण मिळे आणि कण्हायचं कसं ते आधी शिकवलेलं असे. प्राध्यापक शेजारच्या जिल्ह्यातून येत, दुपारच्या सत्रात पुढच्या कॉलेजला जात. चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रं आली तेव्हा दोन दिवस चिंतेत गेले. तिसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी अख्ख्या वर्गाचे मुखवटे करून दिले. कमिटी खूश झाली की मान्यता येते, आणि मान्यता आली की कॉलेज आहे, असं साहेबांचं साधं शास्त्र होतं. ते त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लावलं होतं. आता स्वतःच्या पायाला लावायचं, एवढाच फरक.

पहिल्यांदा पट्टा बांधला खेळाच्या सरांना. त्यांनी मैदानाला फेऱ्या मारल्या, घामाघूम झाले, पण पट्ट्यावरचा दिवा हिरवाच. निरोगी पोटरी नुसत्या चालण्यानं उपाशी राहत नाही. पंपानं थेंबभरही औषध सोडलं नाही.

"कुचकामी माणूस," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर लोहोकरे सरांवर आली आणि तिथंच राहिली. "सर, तुम्ही बाजारात चालताना मधीमधी थांबता. दुकानांच्या काचेत बघत."

"ते... आवड आहे, साहेब."

"परवा तुम्ही बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानापुढं थांबला होता."

लोहोकरे सर लाल झाले. खरं म्हणजे तिथं त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. अनेक वर्षांच्या सिगारेटींनी त्यांच्याही पायातल्या वाहिन्या आखडत आल्या होत्या. साहेबांइतकं नव्हतं, जखमबिखम नव्हती, पण थोडं चाललं की पाय धरे, आणि लोकांसमोर लंगडण्यापेक्षा काचेत बघणं बरं म्हणून ते जे समोर येईल त्या दुकानापुढं उभे राहत.

"या पुढं," साहेब म्हणाले. "पँट वर करा."

सर पोर्चपर्यंत जाऊन येईतो पट्ट्यावरचा दिवा तांबडा झाला. साहेबांच्या पोटावरचा पंप चुटकन वाजला. साहेबांचा चेहरा मान्यतेचं पत्र आल्यासारखा खुलला.

"पुढच्या मीटिंगला तुमचं करून टाकू," ते म्हणाले.

लोहोकरे सर कालव्याच्या रस्त्यानं चालू लागले. साहेब सोफ्यावर बसून औषध घेऊ लागले. पट्ट्यानं आठवडाभरात सरांची पोटरी शिकून घेतली आणि ती तात्यासाहेब शिंगट्यांच्या नावावर पक्की केली.

सरांच्या पत्नी वासंतीबाई मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, तेही दुसऱ्या संस्थेतून, म्हणून त्यांना मोकळं बोलता येत असे.

"इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या पाया पडलात," त्या चहा गाळत म्हणाल्या. "आता त्यांचा पायच झालात. बढतीच म्हणायची."

"अगं, यंत्राचा प्रश्न आहे. तांत्रिक बाब आहे."

"आणि ते औषध जाणार कुठं? त्या बाईंनी डोळ्यांचं काय सांगितलं होतं?"

"साहेब घरात थोडंफार चालतात," सर म्हणाले.

"कुठवर? संडासापर्यंत?"

सरांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

पण एक गोष्ट मात्र विचित्र होत होती. सरांचा पाय सुधारत होता. दुखेस्तोवर चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हे औषधाशिवायसुद्धा थोडंफार काम करतं. शरीराची जुनी सोय आहे ती. शिवाय चालताना धाप लागते म्हणून त्यांची सिगारेट सुटली. ते आता पंपहाऊसपर्यंत न थांबता जात. रस्त्यानं भेटणाऱ्यांना ते चेहऱ्यानं तरुण वाटत. बाजारात ते दुकानांपुढं थांबत नाहीत हे पाहून एका दुकानदारानं तर विचारलं, "सर, काही चुकलं का आमचं?"

पोटरीची भूक कमी झाली तसा दिवा हिरवा राहू लागला आणि पंपानं औषध कमी केलं. पुण्याहून निरोप आला, की प्रगती फारच चांगली आहे, पायाचे फोटो पाठवा. फोटो कॉलेजच्या संगणक विभागानं पाठवले. हा विभाग दरवर्षी निकालाची टक्केवारी सुधारत असे. एक जखम भरून काढणं त्यांना जड गेलं नाही. डोळ्यांचा अहवाल मंडळाच्याच मेडिकल कॉलेजातून जाई. तिथले विभागप्रमुख साहेबांच्या डोळ्यांत दोष आहे असं लिहिण्याइतके स्वतः आंधळे नव्हते. त्यांनी लिहिलं, "दृष्टी उत्तम."

अंगठा मात्र काळा पडला होता, आणि काळेपणा दुसऱ्या बोटाकडे निघाला होता.

साहेबांनी सरांना बोलावलं. "सर, औषध कमी का झालं?"

"माझा पाय... म्हणजे आपला पाय सुधारलाय, साहेब."

"कुणी सांगितलं होतं सुधारायला?"

"कुणी नाही, साहेब. चुकून झालं."

"मला औषध जास्ती पाहिजे. अंगठा बघा की हो, पार बाद व्हायला लागलाय. आणि तुम्ही तिकडं बरे व्हायला लागलाय. शोभतं का हे?" साहेबांचा आवाज दुखावलेला होता. त्यांना खरोखरच विश्वासघात झाल्यासारखं वाटत होतं. "तुम्ही सिगारेट सोडली म्हणं?"

"हो, साहेब."

"परत सुरू करा."

साहेबांनी आवाज खाली आणला. "पुढच्या मीटिंगला ठराव आणतोय. तुमचा. कायमचा. लिहून तयार आहे. सोन्याचा रंगसुद्धा आणून ठेवलाय."

सरांनी येताना सिगारेटचं पाकीट घेतलं. घरात शिरताच वासंतीबाईंनी ते ओळखलं, खिशातून काढलं आणि नळाखाली धरलं.

"त्यांच्यासाठी चालायचं तर चाला," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यासाठी फुप्फुसं जाळणार असाल, तर मी माहेरी जाते. आणि माझ्या माहेरी आता कुणी नाहीये, तरीसुद्धा जाते."

सर दोन्हीकडून भित्रे होते, म्हणून त्यांनी तिसराच मार्ग काढला. वासंतीबाईंच्या परकराची एक जुनी नाडी घेतली आणि चालायला जाताना गुडघ्याच्या वर, पँटच्या आत, करकचून बांधली. खाली जाणारं रक्त कमी झालं. कालव्याच्या पहिल्याच पुलापाशी पोटरी टाहो फोडू लागली आणि दिवा लालभडक झाला. घरी येताना नाडी सोडायची, पाय झाडायचा, की रक्त परत धो धो. आपण साहेबांचंही मन राखलं आणि पत्नीचंही, याचं सरांना समाधान वाटलं. आयुष्यभर ज्यांनी कमिट्यांना फसवलं त्यांनाच आपण फसवतोय, या विचारानं त्यांना थोडा अभिमानही वाटला. पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी वरचढ झाले होते. परकराच्या नाडीनं का होईना.

पंप आता दिवसातून अनेकदा वाजू लागला. साहेब सोफ्यावर बसून तो आवाज ऐकत आणि समाधानानं मान हलवत.

कार्यकारिणीच्या मीटिंगच्या दिवशी सर लवकरच बंगल्यावर गेले. साहेब दिवाणखान्यात एकटेच बसले होते आणि ट्यूबलाइट बदलणाऱ्या माणसाला शिव्या घालत होते. माणूस केव्हाच निघून गेला होता.

"साहेब," सर म्हणाले.

"कोण? सर होय? बघा की, नवीन ट्यूब लावली तरी उजेड नाही. आणि ही जाळी बघा. साफसफाई करत नाहीत हरामखोर." साहेबांनी हवेत हात फिरवला.

तिथं जाळी नव्हती. दिवाणखाना लखलखीत होता.

"उजव्या बाजूला तर सगळा काळा पडदाच आलाय," साहेब म्हणाले. "कालपासून. डावीकडून तुम्ही दिसता, पण पाण्यातनं दिसल्यासारखं. वय झालं आता, दुसरं काय."

लोहोकरे सरांना घरात उगवणारं वडाचं झाड आठवलं. त्याच दिवशी फोन करा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. आणि इथं कालचा दिवस आधीच गेला होता. फोन त्यांच्या खिशात होता. पण फोन केला तर साहेब आत्ताच्या आत्ता पुण्याला जातील. मीटिंग होणार नाही. शिवाय डॉक्टर विचारतील, चाललं कोण?

टेबलावर ठराव टाइप करून ठेवलेला होता. खाली साहेबांच्या सहीची जागा रिकामी होती.

सरांनी ठराव वाचून पाहिला. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात जे चाललं होतं त्याला आतला संघर्ष म्हणणं फार झालं. आधी काय करायचं आणि नंतर काय, एवढाच प्रश्न होता.

"साहेब, मीटिंगच्या आधी तेवढी ही सही झाली असती तर..."

"कसली? तुमची होय? आणा." साहेबांनी पेन घेतलं आणि टेबलावर चाचपडले. "कुठं करू? कागद कुठाय?"

सरांनी त्यांचा हात धरला आणि कागदावर योग्य जागी नेऊन ठेवला. सही झाली. वाकडीतिकडी, पण झाली. सरांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली, घडी घातली, आतल्या खिशात ठेवली. मग फाटकाबाहेर जाऊन पुण्याला फोन लावला.

"कालपासून?" डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "आत्ता निघा. पंप काढून टाका. वाटेतच काढा."

पुण्याच्या इस्पितळात सगळं झपाट्यानं झालं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर बारीक वाहिन्यांचं रान माजलं होतं. ते फुटून आत रक्त झालं होतं आणि पडदा सुटला होता. तो डोळा गेला. डावा अजून वाचवता येईल, लेसर आणि इंजेक्शनं देऊन, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले. पायाच्या तपासणीत गुडघ्याखाली एकही नवी वाहिनी नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर खोलीत आल्या. साहेब पलंगावर टेकून बसले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. सर दाराशी उभे होते. डॉक्टरांच्या हातात पट्टा होता.

"या पट्ट्याप्रमाणे आमच्याकडचा सगळ्यात मेहनती पेशंट म्हणजे तुम्ही," त्या साहेबांना म्हणाल्या. "शेवटी शेवटी तर इतकी तीव्र उपासमार, की मला वाटलं हा माणूस डोंगर चढतोय. तुमचा आलेख मी इतर पेशंटना दाखवत होते. साठी ओलांडलेला माणूस मनात आणलं तर काय करू शकतो, म्हणून."

"करायला लागतं," साहेब विनयानं म्हणाले.

"ही पोटरी कुणाची आहे?"

"माझीच."

डॉक्टर दाराकडे वळल्या. त्यांनी सरांच्या पँटचं पोटरीवर चुरगळलेलं कापड पाहिलं, मग चेहरा. वर्गात कॉपी पकडल्यावर स्वतः सर मुलांकडे जसं बघत, तसं नाही. त्यात निदान राग असे. ह्या नजरेत तेवढाही खर्च नव्हता.

"माझी," सर म्हणाले. "पण वरून आदेश होता."

"आणि डोळ्यांचं ठाऊक होतं तुम्हाला. तुम्ही इथंच उभे होतात."

"मी फोन केला की, मॅडम."

"कधी?"

सरांचा हात आतल्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. डॉक्टर पलंगाकडे वळल्या.

"तात्यासाहेब, डावा डोळा वाचेल अशी आशा आहे. पाय वाचणार नाही. विष वर चढतंय. उद्या सकाळी गुडघ्याखाली काढावा लागेल."

साहेबांनी खालचा ओठ पुढं काढला, कठीण विषय आला की मीटिंगमध्ये काढत तसा. आजवर त्यांच्यासमोर कितीतरी कठीण प्रसंग आले होते आणि प्रत्येकाला काही ना काही तोड निघाली होती.

"डॉक्टर," ते शेवटी शांतपणे म्हणाले, "एक विचारू का? कापायचाच म्हणताय तर कापू. त्याला आमचा विरोध नाही. पण माझाच पाहिजे का?"

डॉक्टर मुजावर यांनी हातातला पट्टा टेबलावर ठेवून दिला.

साहेबांनी पट्टी बांधलेला चेहरा दाराकडे वळवला. "सर आहेत का?"

सर होते. उंबऱ्याच्या बाहेर एक पाऊल, पण होते. त्यांचे ओठ सवयीनं "हो, साहेब" म्हणायला हलले, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायांनी आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. कॉरिडॉर, वळण, लिफ्ट सोडून जिना. मजल्यामागून मजला ते उतरत गेले, कसल्याही काचेपुढं न थांबता. रिसेप्शन ओलांडलं, फाटक ओलांडलं, वाहनं वाहत असलेला रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर आले आणि तसेच पुढं निघाले, पुलापर्यंत, पुलावर. तिथं त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलेली नाही, पाय दुखत नाहीये, आणि इथवर या म्हणून आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

मग मात्र ते थांबले. निघताना साहेबांना विचारून निघालो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.